काँग्रेसचा जुना मतदार कुठे गेला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

महाराष्ट्रात आणि गोव्यात पिढ्यानपिढ्या काँग्रेसला मत देणाऱ्या घरांत आता काय विचार चालू आहे, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. बहुतेकांत राग आहे आणि थोड्यांत नुसता थकवा. मी कोणत्याही पक्षाची सदस्य नाही. पण शेतमजूर, कामगार, दलित, आदिवासी, अल्पसंख्याक यांचं म्हणणं सत्तेपर्यंत नेणारा एक मोठा पक्ष राज्यात असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. उत्तरं त्याच भूमिकेतून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या घरात तीन पिढ्या काँग्रेसला मत पडतं. जून २०२४ मध्ये राज्यातून १३ खासदार निवडून आले तेव्हा आम्ही पेढे वाटले. नोव्हेंबरात २८८ पैकी १६ आमदार. सहा महिन्यांत माणसं इतकी बदलतात? की यंत्रातच काही झालं?
(निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

गुरुजी, माणसं तेवढी बदलली नाहीत. जूनमधल्या मताचा अर्थ काँग्रेसने चुकीचा लावला. ते मत बरंचसं कुणाला तरी अडवण्यासाठी पडलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली होती, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागत होतं, मराठवाड्यात आरक्षणाच्या आंदोलनाचा राग धुमसत होता आणि वस्त्यावस्त्यांत संविधान बदलतील ही भीती होती. हे सगळं एकाच वेळी महायुतीच्या विरोधात गेलं आणि समोरच्या आघाडीच्या पदरात पडलं. तरीसुद्धा दोन्ही आघाड्यांची राज्यातली एकूण मतं जवळपास बरोबरीची होती. जागांच्या आनंदात ते कुणी पाहिलं नाही.

तुमच्याच सांगलीचं बघा. जागा मित्रपक्षाला सुटली, वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लोकांनी त्यांनाच लोकसभेत पाठवलं. मतदार तयार होता, पक्षाला त्याच्यापर्यंत पोहोचता आलं नाही. विधानसभेलाही तेच झालं. जुलैपासून महायुतीने लाडकी बहीण योजना आणली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं वीजबिल माफ केलं, आणि त्या महिन्यांत आघाडीत चर्चा होती ती जागावाटपाची आणि मुख्यमंत्री कोण होणार याची. काँग्रेसने शंभरावर जागा लढवल्या आणि राज्यातली सुमारे साडेबारा टक्के मतं मिळवली.

आता यंत्राबद्दल. पक्षाने मतदार याद्यांत ऐनवेळी वाढलेल्या नावांवर आक्षेप घेतले, निवडणूक आयोगाने ते फेटाळले. अशा आक्षेपांची नीट, उघड तपासणी व्हायलाच हवी, कारण यादीवर विश्वास नसेल तर निवडणुकीवर कसा राहील? पण प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती घ्यायला मुदत असते. त्या मुदतीत प्रत्येक केंद्राची यादी घेऊन घरोघर जाणारा पक्षाचा माणूस लागतो. तुमच्या तालुक्यात तो किती केंद्रांवर होता, हे तुम्ही एकदा चौकशी करून पाहावं.

प्रश्न: आमच्या कारखान्याचे चेअरमन आधी काँग्रेसचे होते, मग राष्ट्रवादीचे झाले, आता भाजपसोबत आहेत. ऊस आम्हाला तिथेच घालावा लागतो. मग आम्ही 'काँग्रेसवाले' म्हणजे नेमके कोण?
(ऊस उत्पादक सभासद, अहिल्यानगर जिल्हा)

आलेल्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पार झोपवलं होतं. त्यानंतर यशवंतराव चव्हाणांनी जे उभं केलं ते निव्वळ निवडणुकीपुरतं नव्हतं. राज्य १ मे १९६० ला झालं आणि बरोबर दोन वर्षांनी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तुमच्याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला होता, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्या वाटेने राज्यभर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, जिल्हा बँका आणि शिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९६२ मध्ये काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या, १९७२ मध्ये २७० पैकी २२२. बहुजन समाजातली शेतकऱ्याची पोरं पहिल्यांदाच सभापती, चेअरमन, आमदार झाली. हे काम फार मोठं होतं आणि आजही कुणी ते कमी लेखू नये.

पण या रचनेत पक्ष आणि मतदार यांच्यामध्ये कायम एक माणूस होता. सोसायटीचं पीककर्ज, उसाची तोड वेळेवर येणं, मुलाला संस्थेत नोकरी, मुलीला वसतिगृहात जागा, बाजार समितीतला गाळा, सगळं त्याच्या हातून होई. मतदार त्या माणसाशी बांधलेला आणि तो माणूस पक्षाशी. काँग्रेसला थेट तुमच्या ओट्यावर येऊन बसायची गरजच पडली नाही. तिने तुमच्याशी वेगळं नातं जोडलंच नाही, आणि आज जे दिसतं आहे त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

मधला माणूस जागेवर होता तोवर हे उत्तम चाललं. तो हलला की मतांची सगळी मोळीच्या मोळी हलायची. १९७८ मध्ये शरद पवार बाहेर पडले तेव्हा हे दिसलं, १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली तेव्हा पुन्हा दिसलं. त्या वर्षी काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या. पुढे कारखाने तोट्यात गेले, कितीतरी विकले गेले आणि खासगी झाले. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळच बरखास्त केलं. २०२१ मध्ये केंद्रात वेगळं सहकार मंत्रालय झालं. कर्जाला शासनाची हमी, इथेनॉलचं धोरण, साखरेची निर्यात, कारखाना चालवायला जे जे लागतं ते सत्तेच्या दारातून येतं. विरोधात बसून कारखाना चालवणं अवघड झालं आणि एकामागून एक घराणी निघून गेली. २०१९ मध्ये राधाकृष्ण विखे पाटील भाजपमध्ये गेले, तोवर ते विधानसभेत काँग्रेसचेच विरोधी पक्षनेते होते.

याची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. काँग्रेस सोडून न गेलेले दोन ज्येष्ठ नेते, संगमनेरमध्ये बाळासाहेब थोरात आणि कऱ्हाड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाण, हरले. संगमनेरचा सहकार काही मोडकळीला आलेला नव्हता. म्हणजे संस्था नीट चालवूनही मत मिळेल अशी खात्री उरलेली नाही. तुमचा मुलगा चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत असेल तर कारखान्याच्या तोडीशी त्याचं काय देणंघेणं?

आणखी एक गोष्ट, कारण ती तुमच्याच शेतात घडते. तोडणी कामगार तुमच्या उसात कोयता चालवतो, कारखान्याच्या आवारात कोपी घालून राहतो, त्याची बायको पोटुशी असतानाही मोळ्या वाहते. या माणसाला काँग्रेसने कधी आपला मतदार म्हणून नीट पाहिलं नाही. चेअरमन तिचा होता, ऊस उत्पादक तिचा होता, आणि तोडणीवाला मुकादमावर सोडलेला होता. बीडमधून गोपीनाथ मुंडे उभे राहिले ते याच माणसांचे नेते म्हणून. माळी, धनगर, वंजारी यांची जी 'माधव' मोट भाजपने बांधली तिला जागा मिळाली ती काँग्रेसने मोकळी सोडलेल्या रानात.

मग तुम्ही कोण? तुम्ही सभासद आहात. वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून वजनकाट्याबद्दल, साखरेच्या उताऱ्याबद्दल, चौदा दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) का मिळाली नाही याबद्दल विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. गेली वीसेक वर्षं हे प्रश्न राजू शेट्टींच्या शेतकरी संघटनेने रस्त्यावर येऊन विचारले. काँग्रेस तुमची असेल तर तिच्या कार्यकर्त्याने तुमच्या बाजूने त्या सभेत बोलायला हवं, चेअरमन तिच्याच पक्षाचा असला तरी.

प्रश्न: माझे वडील काळाचौकीच्या गिरणीत साचेवाले होते. संप मोडला आणि आम्ही गिरगाव-परळ सोडून बदलापूरला आलो. काँग्रेस गरिबांची म्हणतात, मग तेव्हा ती कुठे होती?
(खासगी नोकरदार, बदलापूर)

सरकारात होती. आणि कामगारांच्या विरुद्ध बाजूला उभी होती, हे स्पष्ट लिहायला हवं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. बोनस आणि पगारवाढ या मागण्या होत्याच, पण राग होता राष्ट्रीय मिल मजदूर संघावर. ही काँग्रेसप्रणीत इंटकची संघटना. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार फक्त तिला होता. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास केव्हाच उडाला होता, पण कायद्याने तीच त्यांची प्रतिनिधी. इथेही मधला माणूसच. त्याला वगळून थेट कामगारांशी बोलायचं धाडस ना मुंबईतल्या सरकारने केलं ना दिल्लीतल्या. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत एकेकाळी काँग्रेसचेच आमदार होते, त्यामुळे त्यांना ओळखत नव्हतो असं पक्षाला म्हणता येणार नाही.

डिसेंबर १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना खासदार केलं. पुढच्याच वर्षी महापालिका शिवसेनेकडे गेली. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, कामगारांचे वारसदार घरांच्या सोडतीची वाट पाहत राहिले. तुमच्या वडिलांच्या पिढीने काँग्रेसला माफ केलं नसेल तर त्यात काही चुकीचं नाही.

याच पक्षाच्या राज्यात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, हेही सांगायला हवं. अण्णासाहेब पाटलांनी ज्या हमालांना एकत्र केलं होतं त्यांचा रोज वेगळा मालक असायचा. कोणाच्याच पटावर नाव नसलेल्या त्या माणसाला या कायद्याने नोंदणी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला. माल वाहणाऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न मंडळ स्थापून सोडवला. आज बदलापूर-डोंबिवलीतून मोटारसायकलवर पार्सल घेऊन फिरणारा मुलगा नेमका त्याच अवस्थेत आहे. राजस्थानात काँग्रेस सरकारने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला, कर्नाटकात २०२५ मध्ये झाला. ज्या राज्याने माथाडी कायदा दिला त्या महाराष्ट्रात काँग्रेसने यावर मोठं आंदोलन उभं केलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मतदार इथेच आहे, फक्त तो आता चाळीत राहत नाही.

प्रश्न: २०१९ ला आम्ही प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीला मत दिलं तर भाजपची 'बी टीम' म्हणून हिणवलं. २०२४ ला संविधानासाठी काँग्रेसला दिलं तर कौतुक झालं. आमच्या मताची किंमत ते कुणाला पडतं यावर ठरते का?
(सरकारी कर्मचारी, नांदेड)

तुमचा राग रास्त आहे. २०१९ मध्ये तुमच्या नांदेडात अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजार मतांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं मिळाली. सोलापुरात सुशीलकुमार शिंदेंच्या बाबतीतही असंच झालं, तिथे स्वतः प्रकाश आंबेडकर उभे होते. तेव्हा बोट मतदाराकडे दाखवलं गेलं. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाणच भाजपमध्ये गेले. ज्या मतदारावर भाजपला मदत केल्याचा ठपका ठेवला होता, तो त्याच वर्षी नांदेडमध्ये काँग्रेसला खासदार देऊन मोकळा झाला. त्याची कुणी क्षमा मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

काँग्रेस आणि आंबेडकरी समाज यांचं नातं पहिल्यापासून असंच अवघडलेलं आहे. १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेबांचा पराभव काँग्रेस उमेदवारांनी केला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला, दलित वस्त्या जळाल्या, आणि अंमलबजावणी झाली १४ जानेवारी १९९४ ला. मधली बहुतेक सगळी वर्षं सरकार काँग्रेसचं होतं. मराठवाड्यातला आपला दुसरा मतदार दुखावेल या भीतीने ती थांबली. २००६ मध्ये खैरलांजीत दलित कुटुंबाचं हत्याकांड घडलं तेव्हाही राज्य काँग्रेस आघाडीचंच होतं, आणि न्याय मागायला रस्त्यावर आलेल्या तरुणांवरच गुन्हे नोंदवले गेले.

तरी एकदा हे नातं बरोबरीचं झालं होतं. १९९८ च्या लोकसभेत रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसने त्यांच्यासाठी खुल्या जागा सोडल्या आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले हे चौघेही निवडून आले. काँग्रेसला ४८ पैकी ३३ जागा मिळाल्या. खुल्या मतदारसंघात काँग्रेसच्या मराठा, कुणबी, मुस्लिम मतदाराने रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं, ही त्या निकालातली खरी मोठी गोष्ट. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, रिपब्लिकन गट पांगले आणि ते जुळलेलं विसरलं गेलं.

तुमच्या मताची किंमत तुम्ही ठरवता. पक्षाला ते हवं असेल तर त्याने जागा, पद आणि निर्णयातला वाटा समोर ठेवून मागावं. संविधान वाचवायचं म्हणून एकदा दिलेलं मत पुढच्या वेळी आपोआप मिळेल असं कुणी धरून चालू नये.

प्रश्न: मालेगाव-भिवंडीत आम्ही एकगठ्ठा मतं देतो. उमेदवारी मात्र मिळत नाही. भाजपची भीती दाखवून किती वर्षं मतं घेणार?
(यंत्रमाग व्यावसायिक, मालेगाव)

२०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. आणि तुमच्या धुळे मतदारसंघात काय झालं? काँग्रेसच्या शोभा बच्छाव चार हजारांहून कमी मतांनी जिंकल्या, त्याही केवळ मालेगाव मध्य या एका विधानसभा क्षेत्राने दिलेल्या जवळपास दोन लाखांच्या आघाडीमुळे. ज्यांच्या जिवावर जागा आली त्यांना राज्यभरात एक उमेदवारी नाही. यावर कोणताही खुलासा मला पटलेला नाही.

हा पक्ष असा नव्हता. १९८० मध्ये त्याने अ. र. अंतुले यांना मुख्यमंत्री केलं, आणि निराधारांसाठी आजही चालू असलेली संजय गांधी योजना त्यांच्याच काळातली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मात्र विश्वास तुटला. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. १९९९ ते २०१४ अशी सलग पंधरा वर्षं सत्ता हातात असताना त्यातल्या दोषींवर फारच थोडी कारवाई झाली. पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला तो जुलै २०१४ मध्ये, निवडणूक तीन महिन्यांवर असताना. शिक्षणातलं आरक्षण उच्च न्यायालयाने मान्यही केलं होतं, पण तोवर सरकार गेलं आणि अध्यादेश विरून गेला.

भीती खरी असते, तिच्यापोटी मत देणारा माणूस भित्रा नसतो. पण यंत्रमागाचा वीजदर, मुलींचं बारावीनंतरचं शिक्षण, गावठाणातली घरं यांवर तुमच्याशी बोलायला पक्षाचा कोण येतो? उमेदवारीइतकाच हा प्रश्न लावून धरा.

प्रश्न: ताई, माझी आई आयुष्यभर पंजावर शिक्का मारत आली. या वेळी तिने पहिल्यांदा दुसरं बटण दाबलं. म्हणाली, 'त्यांनी माझ्या खात्यावर पैसे टाकले.' घरात सगळे तिला बोलले. ती चुकली का?
(अंगणवाडी सेविका, लातूर जिल्हा)

नाही चुकली. आणि घरातल्यांना सांग, तिला बोलायचं नाही.

जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार, म्हणजे मतदानाच्या आधी तिच्या खात्यात साडेसात हजार रुपये आलेले होते. काँग्रेस आघाडी तीन हजार देऊ म्हणत होती, तेही नोव्हेंबरात. त्याआधी काही नेते ही योजना राज्याच्या तिजोरीला परवडणार नाही म्हणत होते. कर्नाटकात याच पक्षाने २०२३ पासून दोन हजारांची गृहलक्ष्मी योजना चालवली होती. सीमेपलीकडे, लातूरपासून काही तासांवर. ती महाराष्ट्रात वर्षभर आधी घराघरांत सांगता आली असती.

मला जास्त लागतं ते वेगळंच. तुझ्या आईच्या वयाच्या बायकांना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल, निदान त्यांच्या आयांनी सांगितलेला. तेव्हा वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी वसंतराव नाईकांच्या सरकारने राज्यभर नेली आणि १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला. काम मागायचं आणि सरकारने ते द्यायचं, बाईला पुरुषाइतकीच मजुरी. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला. खडी फोडणाऱ्या, नालाबंडिंगवर माती वाहणाऱ्या बायकांचं सरकारशी थेट नातं जुळलं ते तिथे. चेअरमनची चिठ्ठी लागत नव्हती. पुढे २००५ मध्ये देशाने हाच विचार घेतला. काँग्रेसने आपल्या मतदाराशी मध्ये कुणी नसताना जोडलेलं हे सर्वांत चांगलं नातं होतं, आणि त्याची आठवणही तिने जपली नाही.

आता काम उरलं आहे ते छाननीचं. निवडणुकीनंतर कितीतरी बायकांची नावं यादीतून गेली. महायुतीने निवडणुकीत कबूल केलेल्या महिना २१०० रुपयांचाही प्रश्न आहे. तू अंगणवाडीत आहेस, अर्ज तुझ्याच हातून भरले गेले असतील. नाव का गेलं हे विचारायला त्या तुझ्याकडेच येत असतील. त्यांच्यासोबत तहसीलला जो पक्ष जाईल त्याला आई पुन्हा मत देईल.

प्रश्न: गोव्यात आम्ही काँग्रेसला निवडून देतो आणि आमदार भाजपमध्ये जातात. मग मत द्यायचंच कशाला?
(निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव)

२०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा देऊन तुम्ही काँग्रेसला सर्वांत मोठा पक्ष केलं, सरकार १३ जागांच्या भाजपने बनवलं. जुलै २०१९ मध्ये दहा आमदार एकदम गेले. २०२२ मध्ये उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन शपथा दिल्या, ११ निवडून आले आणि सप्टेंबरात त्यांतले आठ गेले. उमेदवार निवडताना 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच पाहिलं की हे होणारच. ज्याच्याकडे स्वतःची मतं आहेत तो ती घेऊन कुठेही जाऊ शकतो. तुम्ही मत द्यायचं थांबवू नका. उमेदवारी जाहीर व्हायच्या आधी, गट समितीत जाऊन भांडा. नंतर भांडून उपयोग नाही, हे तुम्ही दोनदा पाहिलं आहे.

प्रश्न: मी सव्वीस वर्षांचा आहे, युवक काँग्रेसचं काम करतो. घरी दोन एकर कापूस. गावात गेलो की लोक म्हणतात, 'तुमचा पक्ष फक्त निवडणुकीत दिसतो.' कुठून सुरुवात करू?
(कार्यकर्ता, यवतमाळ जिल्हा)

ते बरोबर म्हणतात, आणि तू हे न चिडता मला लिहिलंस म्हणून तुझ्याबद्दल मला आशा आहे.

विदर्भाने १९७७ मध्येसुद्धा काँग्रेसला सोडलं नव्हतं, देशभर धूळधाण झाली होती तेव्हा. २०२४ च्या लोकसभेतही गडचिरोली-चिमूरने आणि तिकडे खानदेशात नंदुरबारने, म्हणजे या दोन आदिवासी राखीव मतदारसंघांनी, भाजपकडून जागा काढून काँग्रेसला दिल्या. सहा महिन्यांनी यातलं बरंच ओसरलं. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं देशातलं पहिल्यांपैकी गाव. कायदा काँग्रेसच्या काळातला, पण दावे भरायला गावोगाव बसले ते बहुतेक संघटनांचे आणि ग्रामसभांचे कार्यकर्ते, पक्षाचे नव्हेत. कायदा करून पक्ष घरी गेला. ही सवय मोडायची असेल तर ती तुझ्या वयाच्या पोरांनीच मोडायला हवी.

कापसापासून सुरू कर, तुला तो कळतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर नोंदणी कधी सुरू होते, ओलाव्याच्या नावाखाली कुणाची गाडी परत पाठवली, खासगी जिनिंगमध्ये तोच कापूस किती कमी भावाने गेला, याची वही ठेव. पीकविम्याचे दावे कुणाचे नाकारले, का नाकारले, तेही लिही. कर्जमाफी आपण दिली होती, असं २००८ चं नाव घेऊन सांगत बसू नकोस. त्या वेळी दोन हेक्टरच्या अटीत वऱ्हाडातला कोरडवाहू शेतकरी कसा अडकला हे तुझ्या वडिलांना ठाऊक असेल.

दुसरं, तुझ्या गावात मराठा, कुणबी, बंजारा, आदिवासी, बौद्ध अशा वेगवेगळ्या वस्त्या असतील. आरक्षणावरून मराठवाड्यातला मराठा आणि विदर्भातला ओबीसी यांच्याशी पक्ष वेगवेगळ्या भाषेत बोलतो, आणि दोघांनाही ते कळतं. तू एकाच भाषेत बोल. जातनिहाय गणना हवी, शिक्षण आणि नोकऱ्या वाढायला हव्यात, आणि एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला देऊ नये, हे कुणबी वस्तीत आणि मराठा वस्तीत सारखंच सांगता येतं का बघ. अवघड आहे, पण जो पक्ष सगळ्यांचा म्हणवतो त्याला ते करावंच लागेल.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची उमेदवारी मागताना घराणं विचारतील. तुझ्याकडे घराणं नाही. वही घेऊन जा: इतक्या लोकांची विम्याची प्रकरणं लावली, इतकी नावं मतदार यादीत घातली, इतक्या बायकांचे अर्ज पुन्हा भरले. तालुकाध्यक्षांनी ऐकलं नाही तर हीच माहिती जिल्हाध्यक्षांना आणि प्रदेश कार्यालयाला लेखी पाठव, पोच घे. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव. ते या स्तंभात छापेन.